मिग वेल्डिंगचा रन बिघडतोय? नॉब सगळ्यात शेवटी

मिगमध्ये गनमधून सतत येणारी वायर गॅसच्या आवरणाखाली वितळून पत्र्यावर जी धातूची रेघ बसते, तो रन. तो वेडावाकडा आला की नवशिक्याचा हात आधी मशीनच्या नॉबकडे जातो. व्होल्टेज थोडं वाढव, वायर थोडी कमी कर, परत व्होल्टेज खाली आण. अर्ध्या तासाने मूळ सेटिंग काय होतं हेही आठवत नाही आणि रन मात्र होता तसाच. शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: नॉब सगळ्यात शेवटी. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर असतं. गंजलेला पत्रा, सैल अर्थिंग, गनच्या टोकाची वायर बाहेर सोडणारी झिजलेली टिप, नाहीतर शेजारी फिरणारा पंखा. ही कारणं तशीच ठेवून नॉब फिरवत बसलात तर एका चुकीवर दुसरी चूक चढते आणि मग खरं कारण सापडणं आणखी अवघड होतं.

हा लेख लहान वर्कशॉपमध्ये किंवा घरच्या शेडमध्ये सिंगल फेज इन्व्हर्टर मिग मशीन घेऊन बसलेल्यांसाठी आहे. वायर 0.8 मिमीची, साधं लोखंड म्हणजे माइल्ड स्टील, जाडी दीड ते पाच मिमी, गॅस शुद्ध सीओटू किंवा 80-20 चा आर्गॉन-सीओटू मिक्स. आपल्याकडे गेट, ग्रिल, शेडची कैची, शेतीची अवजारं असली बहुतेक कामं यातच बसतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचे प्रश्न वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

सुरक्षेबद्दल थोडंच सांगतो, पण ते पाळाच. 100 ते 150 अँपिअरच्या कामाला 10 किंवा 11 नंबरची काच लागते. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, पॉलिस्टर चालणार नाही. बंद खोलीत सीओटू साठतो आणि गुदमरायला होतं, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काम करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर किंवा डीग्रीझर कधीही वापरू नका. आर्क म्हणजे वेल्डिंगची प्रखर ठिणगी, तिच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. यात जीव जाऊ शकतो.

आधी एक चाचणी रन मारा

बिघडलेल्या जॉबवरच, म्हणजे कामाच्या वस्तूवरच, प्रयोग करू नका. 3 मिमी जाडीची, 50 मिमी रुंदीची पट्टी घ्या. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून तिचा वरचा काळा थर काढा, खाली चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. पट्टी टेबलावर आडवी ठेवा आणि तिच्यावर दहा सेंटीमीटरचा एक सरळ रन मारा. जोड नको, नुसता रन. शेजारी चॉकने व्होल्टेज आणि वायर स्पीड लिहा. पट्टी थंड झाली की उजेडात धरा आणि डोळ्याजवळ नेऊन नीट बघा.

चांगल्या रनची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते, 3 मिमी पट्टीवर साधारण 5 ते 8 मिमी. मधला भाग किंचित फुगीर असतो आणि दोन्ही कडा पट्टीच्या पृष्ठभागात हळूच मिसळून जातात. नखाने कडेवरून ओरखडा मारला तर नख अडकत नाही, घसरून वर चढतं. पट्टी उलटी करून बघा. मागे रनच्या बरोबर खाली निळसर-करडा उष्णतेचा पट्टा दिसला पाहिजे. पट्टा अजिबात दिसत नसेल तर रन वरवर बसलाय. मागून लोखंड फुगून लोंबत असेल तर उष्णता जास्त झाली.

आता तुमचा रन यापासून कुठे ढळतो ते ठरवा. छिद्रं आहेत का? रन दोरीसारखा उंच बसलाय का? कडेला चर पडलाय का? आजूबाजूला धातूचे बारीक गोळे चिकटलेत का? का सगळंच थोडं थोडं आहे? उत्तर मनात ठेवा आणि पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच पट्टीवर शेजारी नवा रन मारून चॉकने लिहा. पट्टी भरेपर्यंत तुमच्या मशीनचा स्वभाव तुम्हाला कळलेला असेल.

पत्रा आणि अर्थिंग

स्टिक वेल्डिंगवरून मिगकडे आलेल्यांची इथेच फसगत होते. रॉडवरचा फ्लक्सचा लेप थोडाफार गंज, थोडी घाण सहन करतो. मिगच्या उघड्या वायरवर असलं काहीच नसतं. ईआर70एस-6 या नेहमीच्या वायरमध्ये मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असतं, ते थोडा गंज पचवतं, पण थोडाच. गंज, रंग, तेल आणि गरम रोलिंगमधून आलेला काळा थर हे सगळं जोडाच्या दोन्ही बाजूंनी किमान 15 ते 20 मिमी काढा.

चौकोनी पाइप फसवतो. दुकानातून आणलेला नवा पाइप स्वच्छ दिसतो, पण हात फिरवला की बोटं काळी होतात. तो गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा हात असतो. आधी थिनर किंवा ॲसिटोनच्या कपड्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, थिनरचा डबा आणि ओला कपडा कामापासून लांब ठेवा आणि मगच ग्राइंडर चालवा. तेल असताना ग्राइंडर चालवला तर ते लोखंडात घासलं जातं.

अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर, गंजावर किंवा टेबलाच्या पायावर लावून लोक काम करतात. मग आर्क मध्येच जोरात, मध्येच मलूल होतो आणि माणूस व्होल्टेजला दोष देतो. क्लॅम्प थेट जॉबवर, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. चार-पाच रन मारल्यावर क्लॅम्पला आणि केबलच्या लगला हात लावून बघा. खूप गरम लागत असेल तर तिथला संपर्क खराब आहे. स्वस्त मशीनबरोबर येणारा पातळ पत्र्याचा क्लॅम्प मी तरी पहिल्याच दिवशी बदलायला सांगतो. पितळेचा किंवा तांब्याचा जाड क्लॅम्प घ्या, त्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच खर्चाने होत नाही.

पुरवठाही इथेच बघून घ्या. शेडपर्यंत लांबलचक, पातळ एक्स्टेन्शन ओढलं की आर्क लागताच मशीनला मिळणारा विजेचा दाब पडतो. शेताकडच्या लाइनवर संध्याकाळी दाब आधीच कमी असतो. सकाळी उत्तम चालणारं सेटिंग संध्याकाळी दोरीसारखा रन देऊ लागलं तर संशय पुरवठ्यावर घ्या. वायरमनकडून मशीनच्या लोडप्रमाणे जाड केबल टाकून घ्या आणि ती वेटोळं करून न ठेवता पूर्ण उलगडून वापरा.

छिद्रं पडतात तेव्हा: गॅस

रनवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसली किंवा रन आतून पोकळ, भुसभुशीत निघाला की ती पोरोसिटी. वर्कशॉपमध्ये याला ब्लो होल म्हणतात. वितळलेल्या रसात हवा किंवा वाफ अडकली आणि रस घट्ट होईपर्यंत बाहेर पडू शकली नाही, असा त्याचा अर्थ. पत्रा खरोखर स्वच्छ असेल तर गॅस तपासायचा.

पहिल्यांदा पंखा बंद करा. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याशिवाय काम करणं कठीण असतं हे मला मान्य आहे, पण रसावर गॅसचं जे आवरण असतं ते अगदी नाजूक असतं. ताशी सात-आठ किलोमीटरची झुळूकही ते उडवून लावते. ही झुळूक अंगाला जेमतेम जाणवते. पंखा हवाच असेल तर तो पाठीमागून, कामाच्या वर भिंतीकडे वळवा आणि जॉबभोवती पत्र्याचा आडोसा लावा. उघड्या अंगणात गेट लावताना तर आडोसा लागतोच.

मग प्रवाह बघा. फ्लोमीटरची गोळी ट्रिगर दाबलेला असताना मिनिटाला 10 ते 15 लिटरवर हवी. छिद्रं पडली की लोक 25 वर नेतात आणि छिद्रं वाढतात. गॅस फार जोरात सुटला की नोझलच्या तोंडाशी भोवरे होतात आणि ते बाहेरची हवा आत ओढतात. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण असं समजू नका.

फ्लोमीटर 12 दाखवतो म्हणजे नोझलमधून 12 येतोच असंही नाही. नळीचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. नोझल काढून आत बघा. स्पॅटरचा, म्हणजे उडालेल्या धातूच्या गोळ्यांचा, थर साचून भोक अर्धं बुजलेलं असतं आणि गॅस एकाच बाजूने सुटत असतो. टिपच्या मागे गॅस पसरवणाऱ्या डिफ्यूझरवर बारीक भोकं असतात, ती मोकळी आहेत ना ते बघा. नोझलवर लावून प्रवाह मोजायची प्लॅस्टिकची छोटी नळी बाजारात मिळते. ती एक घेऊन ठेवा, अंदाज करावा लागत नाही.

शुद्ध सीओटू वापरणाऱ्यांना दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो. त्याचा वायू होताना तो उष्णता शोषून घेतो, त्यामुळे लांब रन मारत राहिलं की रेग्युलेटरवर पांढरं दव आणि मग बर्फ धरतो. प्रवाह आपोआप कमी होतो आणि सकाळी सुंदर येणारे रन तासाभरात छिद्रांनी भरतात. यासाठी रेग्युलेटरला हीटर असतो आणि बऱ्याच मशीनच्या मागे त्याचं वेगळं सॉकेट असतं. हीटर लावलाय का आणि तो खरंच गरम होतो का, ते हाताने बघा. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, साखळीने बांधा. आडवा पडला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

दुसरी गोष्ट दाबाच्या काट्याची. आत द्रव शिल्लक आहे तोवर 20 अंश तापमानाला काटा 57 बारच्या आसपासच राहतो, सिलिंडर भरलेला असो की पाव. काटा खाली उतरू लागला म्हणजे द्रव संपला, आता थोडाच वायू उरला. म्हणून काट्यावर विसंबू नका, सिलिंडर वजन करून बघा. रिकाम्याचं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं. आर्गॉन मिक्सचं उलट आहे. तो वायूरूपातच भरलेला असतो, त्यामुळे काटा वापराप्रमाणे हळूहळू उतरतो आणि हीटरही लागत नाही.

छिद्रं रनच्या नेमक्या कोणत्या जागी आहेत तेही बघा. फक्त सुरुवातीला असतील तर आर्क लागताना गॅस पोहोचलेला नसतो. ट्रिगरला हलकासा झटका देऊन गॅस सोडा, टोक कापा आणि मग सुरू करा. फक्त शेवटी असतील तर तुम्ही ट्रिगर सोडताच गन उचलताय. आर्क विझल्यावरही गन तिथेच धरून ठेवा, गॅस थांबेपर्यंत शेवटचा खळगा झाकलेला राहू द्या.

वायरची वाट

रन मध्येच जाड, मध्येच बारीक येतो, आर्क अडखळतो, वायर धक्के देत येते. असं असेल तर सेटिंगला हात लावू नका. रिळापासून टिपपर्यंत वायर कुठे अडते ते शोधा.

टिपपासून सुरू करा. ती काढून उजेडाकडे धरा. नव्या टिपचं भोक गोल असतं. वापरलेलीचं एका बाजूने घासून लंबगोल होतं. मग वायर टिपच्या भिंतीला कधी टेकते, कधी टेकत नाही, करंट तुटक मिळतो आणि आर्क भटकतो. टिपवर 0.8 कोरलेलं आहे ना तेही वाचा. 1.0 ची टिप लावून 0.8 ची वायर चालवणारे मी खूप पाहिलेत. टिप झिजणारी वस्तू आहे, पाच-सहा जादा ठेवा.

वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरचा खाचाही वायरच्या मापाचा हवा. साध्या घन वायरला व्ही आकाराचा गुळगुळीत खाचा लागतो, फ्लक्सच्या पोकळ वायरला दातेरी. दाब तपासायला गन लाकडी ठोकळ्यावर तिरकी धरून ट्रिगर दाबा. वायर ठोकळ्याला लागून न थांबता वळत जायला हवी. रोलर जागीच घसरत असेल तर दाब थोडा वाढवा. पण रोलरपाशी तांब्याची पूड साचत असेल किंवा वायर चपटी होऊन बाहेर येत असेल तर दाब जास्त आहे. ती पूडच पुढे लायनरमध्ये, म्हणजे केबलमधल्या वायरच्या नळीत, अडकते.

रिळाचा ब्रेक इतकाच घट्ट हवा की ट्रिगर सोडल्यावर रीळ लगेच थांबेल. गनची केबल काम करताना शक्य तेवढी सरळ ठेवा, वेटोळं करून पायात घेऊ नका. वायर बदलताना लायनरमधून कोरडी हवा मारा. एवढं करूनही अडत असेल तर लायनर बदला.

एक मोठी चूक याच ठिकाणी होते. बऱ्याच लहान मशीनबरोबर बिनगॅसची, फ्लक्स भरलेली वायर येते. तिला गन निगेटिव्हवर लागते. पुढे माणूस गॅस आणि घन वायर आणतो, पण मशीनमधली किंवा पुढच्या पॅनेलवरची ती छोटी जोडवायर बदलायची राहून जाते. घन वायरला गन पॉझिटिव्हवरच हवी. उलट राहिली तर आर्क फडफडतो, स्पॅटर उडतो आणि रन पत्र्यावर नुसता उंच बसतो. सगळं तपासूनही काही सुधारत नसेल तर मशीनच्या झाकणाच्या आतला तक्ता वाचा आणि जोडणी जुळवून बघा.

आता नॉब

इथपर्यंत येईपर्यंत पुष्कळांचा रन सुधारलेला असतो. नसेल तर आता सेटिंग.

मिगमध्ये दोन नॉब एकमेकांना बांधलेले असतात. वायर स्पीड वाढवला की करंट वाढतो. व्होल्टेज वाढवलं की आर्क लांब होतो आणि रन पसरतो. सुरुवातीसाठी माझा हिशेब साधा आहे. जाडीच्या दर मिलिमीटरला 40 अँपिअर, म्हणजे 3 मिमीला साधारण 120. सीओटूसाठी व्होल्टेज काढायचं तर 14 मध्ये अँपिअरचा विसावा भाग मिळवा. 120 ला 14 अधिक 6, म्हणजे 20 व्होल्ट. दीड मिमीच्या पाइपला 60 अँपिअर आणि 17 व्होल्ट. मिक्स गॅस असेल तर यातून एक-दोन व्होल्ट कमी करा. पाच मिमीपर्यंत गेलात की लहान मशीनचा आणि 0.8 च्या वायरचा दम संपत येतो. तिथे कडा तासून व्ही करा आणि दोन रन मारा, एकाच रनात भरायचा हट्ट नको.

मशीनवर अँपिअर दिसत नसतील तर वायर मोजा. गॅस बंद करा, अर्थिंगचा क्लॅम्प काढा, गन जॉबपासून आणि माणसांपासून लांब धरा. सहा सेकंद ट्रिगर दाबून बाहेर आलेली वायर मोजा. 60 सेंटीमीटर आली तर मिनिटाला 6 मीटर. 0.8 च्या वायरला हा वेग साधारण 120 अँपिअरच्या आसपास बसतो.

आता आवाज ऐका. या कामात वायर रसाला टेकते, वितळून तुटते, परत टेकते. हे सेकंदाला 20 ते 200 वेळा घडतं. सेटिंग जमलं की या टेकण्या-तुटण्यातून गरम तेलात भजी सोडल्यासारखी अखंड, एकसारखी तडतड ऐकू येते. वायर पत्र्यावर ठकठक आपटत असेल, गन हाताला मागे ढकलत असेल आणि रन दोरीसारखा उंच बसत असेल, तर वायर जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. तडतडीऐवजी लांब फुसफुस ऐकू येत असेल, वायरच्या टोकाला मोठे गोळे धरत असतील आणि वायर उलटी जळत टिपला चिकटत असेल, तर व्होल्टेज जास्त आहे किंवा वायर कमी. वायर तशीच ठेवून व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने हलवा, एक रन मारा, ऐका. ते पुरलं नाही तरच वायर स्पीड बदला.

स्पॅटरबद्दल एवढंच सांगतो की शुद्ध सीओटूत तो थोडा राहणारच. मशीनवर इंडक्टन्सचा नॉब असेल तर तो थोडा वाढवा, आर्क मऊ होतो. मिक्स गॅसने आणखी कमी होतो, पण महाग पडतो. शेतीच्या अवजाराला त्याची गरज नाही, शोच्या फर्निचरला आहे.

हात

हाताचा दोष नॉबने जात नाही. टिप ते जॉब हे अंतर 8 ते 12 मिमी ठेवा आणि रन संपेपर्यंत तेवढंच ठेवा. अंतर वाढलं की करंट कमी होतो, रन वरवर बसतो आणि गॅसही उडतो. नवीन माणूस रन पुढे सरकेल तशी नकळत गन वर उचलतो. सुरुवात चांगली आणि शेवट फुटका असा रन दिसला की नव्वद टक्के हेच, असं मी डोळे झाकून सांगतो. दुसऱ्या हाताचं मनगट किंवा कोपर टेबलावर टेकवा. ट्रिगर न दाबता पूर्ण रनचा रस्ता एकदा चालून बघा, हात मध्येच कुठे अडतो ते कळतं.

गन पुढे झुकवून रस ढकलत न्या, 10 ते 15 अंशांचा तिरपेपणा पुरे. त्याने रन सपाट, रुंद येतो. गन मागे ओढत नेली तर रन अरुंद आणि खोल जातो. टी जोडात गन दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, 45 अंशांवर हवी. ती उभ्या पट्टीकडे कलली की वरच्या कडेला चर पडतो, तोच अंडरकट. चर फार घाईने हात चालवल्यानेही पडतो आणि व्होल्टेज जास्त असल्यानेही, पण आधी कोन बघा.

नजर आर्कच्या ठिणगीवर नको, रसाच्या पुढच्या काठावर ठेवा. आर्क त्या काठावर हवा. हात हळू पडला की रस पुढे वाहून येतो, आर्क रसावरच जळत राहतो आणि खालचं लोखंड वितळत नाही. रन जाडजूड, दिसायला भक्कम, पण आत पकड नाही. पातळ पाइपला उलट होतं, हात हळू पडला की भोक. तिथे सलग रन नको. छोटे छोटे टाके मारा, मध्ये थंड होऊ द्या आणि फट असेल तर मागे तांब्याची पट्टी धरा. लोखंडाचा रस तांब्याला चिकटत नाही.

दिसायला चांगला, पण पकड आहे का?

मिगचा खरा धोका हा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जोर देतो. स्टिकचा वाईट जोड वाईटच दिसतो. मिगचा जोड गुळगुळीत, चमकदार दिसूनही नुसता पृष्ठभागावर चिकटलेला असू शकतो. तो डोळ्यांना कळत नाही, तोडूनच बघावा लागतो.

3 मिमीच्या दोन पट्ट्यांचा टी करा. एकाच बाजूने, त्याच सेटिंगवर रन मारा. पूर्ण थंड झाला की वाइसमध्ये आडवी पट्टी धरा आणि उभ्या पट्टीवर रन नसलेल्या बाजूने हातोडा मारून ती रन असलेल्या बाजूला पाडा, म्हणजे जोडाचं मूळ उघडं पडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. पट्टी वाकून पूर्ण आडवी झाली आणि रन शाबूत राहिला तर पकड आहे. रन तुटला पण तुटलेला भाग खडबडीत, करडा, फाटल्यासारखा असेल तर लोखंड निदान जुळलेलं होतं. पण रन पट्टीवरून सोलून निघाला आणि खाली ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसल्या, तर तिथे जोड झालाच नव्हता. अशा वेळी करंट वाढवा, व्होल्टेज त्याबरोबर वाढवा, हात थोडा पटकन न्या आणि परत तोडून बघा. उभ्या जोडात वरून खाली रन मारणं सोपं जातं, पण रस आर्कच्या पुढे वाहतो आणि पकड सुटते. पातळ पत्र्याशिवाय ते करू नका, जाड कामाला खालून वर या.

या चाचणीत तुमचे जोड सलगपणे टिकू लागेपर्यंत माणसाच्या जिवाशी संबंधित काम घेऊ नका. उसाच्या ट्रॉलीचा हुक, गाडीची चेसिस, जॅकचा स्टँड, उचलायची कडी, झोपाळ्याची साखळी, हे कितीही ओळखीच्या माणसाने सांगितलं तरी नाही म्हणा. दाबाखालची टाकी आणि सिलिंडर तर कायमचेच वर्ज्य.

उरलेल्या काही गोष्टी

रनवर तपकिरी, काचेसारखे ठिपके दिसतात, ते दोष नाहीत. वायरमधल्या सिलिकॉनने रसातला ऑक्सिजन धरला आणि ती राख वर आली. वायर ब्रशने किंवा टोकदार हातोडीने ठिपके काढा, नाहीतर त्यांच्यावरचा रंग नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. दुसरा रन मारायचा असेल तर मध्ये ते काढलेच पाहिजेत.

रनच्या शेवटी खळगा राहतो आणि थंड होताना त्याच्या मध्यातून ताऱ्यासारखी बारीक चीर जाते. शेवटाला आलात की गन अर्धा सेंटीमीटर मागे आणा, क्षणभर थांबा, खळगा भरला की ट्रिगर सोडा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वायरचं रीळ मशीनवर उघडं राहिलं तर तांब्याच्या मुलाम्याखालून गंज डोकावू लागतो. सुट्टी मोठी असेल तर रीळ काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बांधा आणि कपाटात ठेवा. परत लावताना वरचे एक-दोन वेढे बोटांनी घासून बघा. तपकिरी पूड लागली तर तेवढी वायर काढून टाका. आतपर्यंत गंज गेलेलं रीळ भंगारात द्या, कारण ते लायनरही खराब करतं. झाकण मिटण्याआधी आपल्या मशीनवर जमलेली सेटिंग आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: जाडी, गॅस, वायर स्पीड, व्होल्टेज.